तिसरा दगड

"मग घर म्हणजे नेमकं काय, ते तरी सांगा की बाबा."

लिंबनाथ बाबा चिलीम साफ करत होता. त्यानं तारेचं टोक नळीत घातलं, फिरवलं, बाहेर काढून बघितलं.

"कुणाला पाहिजे?"

"मला."

"तुझ्याजवळ नाही?"

प्राध्यापक अवधूत सबनीस हसले. शिकलेली माणसं हसतात तसं, दात न दाखवता.

"घर आहे हो. बंगला आहे चांगला. मला अर्थ पाहिजे. घराचा अर्थ."

"घरी कोण असतं?"

"कुणी नाही. शांतता असते. लिहायला बरं पडतं."

बाबानं चिलमीत फुंकर मारली. काळी भुकटी उडाली ती मास्तरांच्या पांढऱ्या शर्टावर बसली...

सबनीस मास्तर तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवत. कवितेतलं घर या विषयावर त्यांनी पाचशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं. ते कुणी वाचलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. दर शनिवारी सकाळचं कॉलेज सुटलं की ते स्कूटर घेऊन कॅनॉलच्या फाट्यावर येत. तिथं एक लिंब, लिंबाखाली म्हसोबा आणि म्हसोबाशेजारी हा बाबा. अक्षरशत्रू माणूस. पण बोलला की त्याचं वाक्य मास्तर डायरीत उतरून घेत. सोमवारी वर्गात ते वाक्य मास्तरांचं झालेलं असे.

आज त्यांच्या काखेत गठ्ठा होता. पहिल्या वर्षाच्या पोरापोरींना त्यांनी निबंध घातला होता, 'माझ्या दृष्टीने घर'. वीस गुणांचा. चौसष्ट निबंध आले होते. त्यातले चांगले निवडून पुस्तिका काढायची होती आणि पहिल्या पानावर बाबाचं वाक्य टाकायचं होतं.

"एकच वाक्य द्या बाबा. खाली तुमचं नाव घालतो."

"नाव घालायचंय तर नुसतं घाल. वाक्य कशाला मधी?"

"बरं, निदान ऐका तरी. यातला पहिला नंबर ऐका."

मास्तरांनी घसा खाकरला.

"'घर ही वास्तू नसून ती एक जाणीव आहे. ती मनाच्या तळाशी पसरलेली एक अथांग पोकळी आहे...'"

बाबाचे डोळे मिटले.

मास्तरांना वाटलं, समाधी लागली. ते आणखी जोरात वाचू लागले. पान संपलं. दुसरं संपलं. बाबाच्या नाकातून बारीक शिट्टी येऊ लागली.

"बाबा..."

"हां."

"कसं वाटलं?"

"गळतं का?"

"काय गळतं का?"

"ती पोकळी. पावसाळ्यात."

मास्तरांनी कागद मिटला. समोरच्या टपरीवरून येसू तात्यानं दोन पेले चहा आणून दिला होता, तो एव्हाना निवला होता. मास्तरांनी आपला पेला उचलला. पेल्याखाली घडी घातलेला कागद होता. गठ्ठ्याला डाग पडू नये म्हणून त्यांनीच तो खाली घेतला होता.

बाबानं काठीच्या टोकानं कागद पुढं ओढला.

"हे काय?"

"तो बाद आहे. सुगंधा कोळपे म्हणून एक मुलगी आहे. धनगराची. वसतिगृहात राहते. विषय सोडून काहीतरी लिहिलंय. शून्य दिलंय तिला."

"शून्य दिलं की काय होतं?"

"नापास. नापास झालं की वसतिगृहातली जागा जाते. नियम आहे तसा. सोमवारी यादी द्यायचीय."

"जागा गेली की?"

"मग घरी जायचं, दुसरं काय."

"कुठल्या?"

"तेच तर तिनं लिहिलं नाही ना बाबा. घर कसलं, कुठलं, काही नाही. अहो, या लोकांचं बिऱ्हाड घोड्यावर. आज या शेतात, परवा त्या शेतात. मेंढरं जातील तिकडं माणसं जातात. मी म्हटलं, निदान 'मला घर नाही' एवढं तरी लिहायचं. त्यावर चांगलं लिहिता येतं."

बाबानं काठीनं कागद मास्तरांकडं ढकलला. म्हणाला, "वाच."

मास्तरांनी घडी उलगडली. पहिल्या पानाच्या तळाशी लाल शून्य होतं. त्याच्याभोवती पेल्याच्या बुडाचं दुसरं शून्य उमटलं होतं.

"'आमच्या घरी यायचं असेल तर शनिवारी या, कारण शनिवारी मी असते. कॅनॉलच्या फाट्यावर उतरा. येसू तात्याच्या टपरीवर विचारा की कोळप्यांची पोर सोमवारी कुठल्या वाटेनं आली...'"

मास्तर थांबले.

"बघितलंत? याला निबंध म्हणतात का? ही वाट सांगितलीय नुसती."

पण बाबा उभा होता. एवढा ऐंशीचा म्हातारा उठला कधी, मास्तरांना कळलं नाही. चिलीम कमरेला गेली होती, काठी हातात होती.

"चल."

"कुठं?"

"बोलावलंय की."

"अहो, ते मला नाही बोलावलेलं. ती परीक्षेची..."

"'या' लिहिलंय का नाही?"

मास्तरांनी कागदात बघितलं. लिहिलं होतं.

"मग चल. आज वार कुठला?"

शनिवार होता.

आता मास्तरांनी सरळ स्कूटरला किक मारून घर गाठायला हवं होतं. शहाणा माणूस तेच करतो. पण बाबा रस्ता ओलांडून टपरीपुढं उभा राहिला होता आणि येसू तात्या हातातलं फडकं कॅनॉलकडं करून काहीतरी सांगत होता. मास्तरांनी गठ्ठा काखेत मारला आणि निघाले. म्हटलं, गंमत बघू. वाक्य मिळालं तर मिळालं.

"सोमवारी कॅनॉलच्या अंगानं आली म्हणतो पोर," बाबा म्हणाला. "पुढं?"

"'...कॅनॉल उजव्या हाताला ठेवा. विहीर लागेल. तिच्यावर पिंपळ उगवलाय, त्यामुळं ती विहीर आहे हे आधी कळत नाही.'"

दहा मिनिटं चालले. समोर पिंपळाचं झुडूप होतं. मास्तर त्याला वळसा घालायला गेले आणि एकदम मागं सरले. झुडपाखाली खोल पाणी होतं.

"विहीर आहे," मास्तर म्हणाले.

"तिनं सांगितलंय की."

"हो, पण... आहे खरंच."

"पुढं वाच."

"'विहिरीपासून खाली बघत चला. लेंड्या दिसतील. काळ्या आणि वाळलेल्या असतील तर आमची मेंढरं जाऊन चार दिवस झाले. काट्यांवर लोकर बघा. काळी लोकर आमची. पांढरी दिसली तर ती मदन्यांची. त्यांच्या मागं जाऊ नका. ते चांगले आहेत, पण ते आम्ही नाही.'"

मास्तर हे वाचून हसले. मग त्यांनी वाटेवरच्या बाभळीकडं बघितलं, आणि हसायचे थांबले.

काट्याला झुपका लटकत होता. काळा.

मास्तरांनी तो बोटानं काढून घेतला. चुरगाळला. वास घेतला. पन्नाशीचा माणूस, पण तोंड असं झालं की जत्रेत पहिल्यांदा पाळणा दिसावा.

"बाबा, काळी आहे."

"दिसतंय मला."

"इथं दोन वाटा होतात. डावीकडं पांढरी आहे बघा, त्या बोरीवर. ती मदन्यांची. आपण उजवीकडं."

आता मास्तर पुढं आणि बाबा मागं. मास्तरांचे बूट ढेकळांत मुरगळत होते. गठ्ठा काखेतून घसरत होता, त्रेसष्ट घरं एका हातात आणि एक घर दुसऱ्या हातात. ते वाकत, लेंडी बुटानं फोडून बघत, "वाळलीय, चार दिवसांची" म्हणत आणि धावतच पुढच्या बाभळीला जात. मागं बाबाच्या पायात काटा गेला. तो खाली बसला.

"तू हो पुढं," बाबानं हात केला.

मास्तरांना तेवढंच पाहिजे होतं.

बांध चढून ते पलीकडं उतरले, तो समोर बाजरीचं मोकळं रान. धसकटं उभी, मधल्या पट्ट्यात जमीन काळीभोर. तिथं मेंढरं बसली होती हे मास्तरांनाही कळलं. कडेला राख होती. मास्तरांनी घाईनं कागद बघितला. पान संपत आलं होतं.

"'मी सोमवारी ज्या तळावरून निघते, तिथंच शनिवारी जाते. तिथं घर नसतं. चूल असते.'"

त्याच्याखाली लाल शून्य.

चूल होती. मास्तर चुलीपाशी गेले, राखेत बोट घातलं. गार. त्यांना इतका आनंद झाला की काही तरी करावंसं वाटलं, पण करण्यासारखं काही नव्हतं. ऊन डोक्यावर आलेलं. पाय दुखत होते. बाबा यायला वेळ होता. पलीकडं एक दगड पडला होता, एकटाच, बसायला बेताचा. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी उचलला, पोटाशी धरून बाभळीच्या सावलीत आणला, खाली टाकला, रुमाल अंथरला आणि बसले.

बरं वाटलं.

बाबा लंगडत आला.

"मिळाली बघा चूल. ही पोरगी खोटं बोललेली नाही," मास्तर म्हणाले. शून्य देताना जसं ठाम बोलले होते तसंच.

"पुढं?"

मास्तरांनी पान उलटलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. मास्तरांनी हा निबंध तपासला होता. वाचला नव्हता. पान उलटायची ही पहिलीच वेळ.

"'चुलीला तीन दगड असतात. निघताना आजी दोन जागच्या जागी ठेवते. तिसरा उचलून बाजूला नेते. ज्या अंगाला तिसरा दगड, त्या अंगाला आम्ही गेलो. चुलीपासून जितक्या पावलांवर दगड, तितके बांध ओलांडायचे. आजीला लिहिता येत नाही. माझ्यासाठी ती एवढं ठेवून जाते...'"

मास्तरांचा आवाज बारीक होत गेला.

त्यांनी चुलीकडं बघितलं. दोन दगड होते. काळे.

त्यांनी आजूबाजूला बघितलं. रानात दुसरा दगड नव्हता.

बाबा मास्तरांच्या बुडाकडं बघत राहिला...

मास्तर विंचू चावल्यासारखे उठले. रुमाल काढला. दगड उलटा केला. खालचं अंग काजळीनं माखलेलं.

"अरे देवा."

"किती वाजले?" बाबानं विचारलं.

मास्तरांनी घड्याळ बघितलं. दीड. त्याच वेळी कॅनॉलच्या बाजूनं एसटीचा हॉर्न आला.

त्या काळी मोबाइल नावाचं लचांड निघालेलं नव्हतं. पोरीकडं दुसरी वाट नव्हती. ती अर्ध्या तासात इथं येणार, चूल बघणार, तिसरा दगड बघणार. आणि दगड बाभळीखाली, त्यावर प्राध्यापकांचा रुमाल.

"कुठं होता हो तो? बाबा, तुम्ही बघितलंत?"

"मी काटा काढत होतो."

"इकडं होता. या अंगाला. नाही... मी राखेत बोट घातलं, मग वळलो. उजवीकडं वळलो की डावीकडं?"

"तुझं तुला ठाऊक."

मास्तरांनी दगड उचलला आणि पूर्वेला ठेवला. लांब जाऊन बघितला. परत उचलून उत्तरेला ठेवला. घाम नाकावरून गळू लागला. गठ्ठा कुठंतरी पडला होता, त्यातली दोनतीन पानं रानात उडत होती, पहिला नंबरही त्यातच होता. मास्तर तिकडं वळूनही बघत नव्हते.

"मी फाट्यावर पळत जातो. तिला सांगतो."

"काय सांगशील?"

"की मी तुझ्या... की मी..."

वर्गात साठ पोरांसमोर मास्तरांनी त्या मुलीचा कागद वर धरला होता. 'घराचा पत्ता नाही आणि घरावर निबंध' असं म्हणाले होते. पोरं हसली होती. ती पण हसली होती जराशी, सगळे हसतायत म्हणून.

"आणि सांगितलंस तरी तिला वाट कशी दिसंल?" बाबा म्हणाला. "फाट्यावर गेल्यानं दगड जाग्यावर येतो का?"

मग मास्तरांनी जे केलं ते त्यांच्या कॉलेजनं कधी बघितलं नाही. ते गुडघ्यांवर बसले. मग हात टेकले. आणि चुलीभोवती रांगायला लागले.

धसकटं तळहाताला टोचत होती. मास्तर नाक जमिनीला लावून एक एक वीत बघत होते. दगड चार दिवस जिथं पडला असेल तिथं काही तरी असणार. काही तरी झालेलं असणार. मुंगळे दिसले, त्यांच्या मागं गेले, ते भलतीकडंच चालले होते. एक खळगा दिसला, तो खुराचा निघाला. चुलीभोवती एक फेरी झाली. दुसरी जरा लांबून. पँट गुडघ्यावर फाटली. बाबा काठीला टेकून बघत होता आणि, कुणाला खरं वाटणार नाही, पण त्याच्या तोंडावर चांगलीच मजा आली होती.

"मास्तर, हळू. पुस्तक न्हाई ते, चाळायला."

"बोलू नका बाबा. बोलू नका..."

चौथ्या फेरीला मास्तर थांबले.

दोन धसकटं आडवी झाली होती. चेपून जमिनीला चिकटलेली, पिवळी. त्यांच्यामध्ये वाटीएवढा ओलसर गोल. त्या गोलात एक काळा किडा, डोक्यावरचं छप्पर गेलं म्हणून गोंधळून इकडंतिकडं करत होता.

"सापडली."

मास्तर कुजबुजले. मग ओरडले, "सापडली बाबा, जागा सापडली."

ते धावत गेले, दगड पोटाशी धरून आणला आणि काजळीचं अंग खाली करून ठेवला, पाळण्यात पोर ठेवावं तसा. मग चुलीपासून पावलं मोजली. सात. परत मोजली. सात. मास्तर लहान पोरासारखे हसत सुटले.

"सात बांध. आता येऊ दे तिला."

बांधापलीकडं पावलं वाजली.

मास्तर गठ्ठा सोडून बाभळीमागं पळाले. का पळाले ते त्यांनाही सांगता येणार नाही. बाबाही लंगडत मागं गेला आणि बसला.

सुगंधा कोळपे बांध उतरून आली. सतरा-अठराची पोर, खांद्याला कापडी पिशवी, चपला हातात. चुलीपाशी येऊन थांबली. दगडाकडं बघितलं.

मास्तर मनातल्या मनात सात मोजू लागले.

ती निघाली नाही. खाली वाकली. चुलीभोवती बघत बघत एक फेरी मारली. मग कमरेवर हात ठेवून सरळ बाभळीकडं तोंड करून म्हणाली,

"सर, तिथं काट्यात बसू नका. विंचू असतात."

मास्तर उभे राहिले. गुडघे फाटलेले, कपाळाला माती.

"तुला कसं कळलं?"

"बूट आहेत की सगळीकडं. आणि हात." तिनं मास्तरांच्या गुडघ्यांकडं बघितलं. "सर, तुम्ही रांगत होता?"

"हो."

"काय सांडलं का?"

"नाही. दगड... मी त्याच्यावर बसलो होतो. उचलून इकडं आणला. माहीत नव्हतं मला. आता परत ठेवलाय. जिथं होता तिथंच ठेवलाय. बघ जरा. तपास."

मुलीनं मास्तरांकडं बघितलं, मग बाबाकडं. मग चुलीपासून पावलं टाकत गेली. दगडापाशी बसली. हात कपाळाला लावून दगडावरून लांब नजर टाकली, एक डोळा मिटून.

मास्तर ताटकळत उभे. नखं कुरतडत.

"अर्धं पाऊल चुकलंय सर."

"मग?"

"पण पोचतो."

ती उठली आणि चालू लागली. मास्तर तिच्या मागं असे निघाले की बाबाला हाक मारायची पाळी आली, "अरे, तुझी ती बाकीची घरं राहिली की रानात." मास्तर परत गेले, गठ्ठा कसाबसा गोळा केला, पहिला नंबर काट्यात अडकला होता तो सोडवताना फाटला, तसाच कोंबला आणि धावले.

पहिला बांध. दुसरा. मास्तर मोठ्यानं मोजत होते. चौथ्याला घसरले. सहाव्याला वर चढले तेव्हा लांब धूर दिसला आणि त्यांनी बाबाचं मनगट धरलं.

"धूर आहे."

"माझा हात सोड. मोडंल."

सातव्या बांधावरून कुत्रं सुटलं. काळं, वासराएवढं. मुलगी पुढं गेली होती. ते तिला सोडून सरळ मास्तरांवर आलं.

"सर, शेवटून तिसरी ओळ," मुलगी लांबून म्हणाली.

मास्तरांनी कागद डोळ्यांपुढं धरला. "'कुत्रं आलं तर पळू नका. खाली बसा. उभ्या माणसाला ते ओळखत नाही.'"

मास्तर जिथं होते तिथं मटकन बसले, चिखल का शेण न बघता. बाबा त्याआधीच बसला होता. कुत्र्यानं मास्तरांचा कान हुंगला, फाटका गुडघा हुंगला, गठ्ठा हुंगला. मग शेपूट हलवून चालू लागलं, चला म्हणून.

मेंढरांची जाळी, डालग्याखाली कोकरं, एक घोडं, घोंगड्यांची थप्पी. चुलीपाशी सुगंधाची आई भाकरी थापत होती. पलीकडं आजी बसली होती, तिनं मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. आईनं कोण म्हणून विचारलं नाही. तांब्या पुढं केला.

"जेवायचं न्हवं?"

मास्तरांनी कागद बघितला. शेवटची ओळ होती, "'आई कोण म्हणून विचारत नाही. जेवायचं का विचारते. एवढंच.'"

ते खाली बसले. मुलीनं घोंगडी अंथरली होती. भाकरी आली, दूध आलं, तिखटाचा गोळा आला. मास्तर इतके जेवले की आजीला हसू फुटलं.

जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. शून्य खोडलं.

"किती देऊ, सुगंधा?"

"सगळं वाचलंत ना सर?"

"वाचलं."

"मग बास."

मास्तरांनी वीस घातले. पाहिजे तेवढे घातले असते, पण वीसच होते. मग त्यांनी डायरी काढली. डोळे लकाकत होते.

"बाबा, आता तर कळलंच. घर म्हणजे... थांबा, लिहून घेतो. आता द्या वाक्य."

बाबा दातातलं तिखट काडीनं काढत होता.

सुगंधाची आई म्हणाली, "मास्तर, तुमच्या घरी कसं यायचं? पोर तिकडं एकली असती. कधी रातीअपराती अडलं तिचं, तर?"

"सोप्पं आहे. कॉलेजच्या मागं, प्लॉट नंबर अकरा. पाटी आहे नावाची. गेटला आतून कुलूप असतं. बेल आहे."

"वाजवायची?"

"हो. वाजवायची."

"मग?"

"मग मी... लिहीत असलो तर ऐकू येत नाही मला. म्हणजे येतं, पण..."

कोकरू ओरडलं. मास्तरांनी डायरी मिटली.

"गेल्या दिवाळीला अक्का आली होती. थोरली बहीण. सोलापुरावरून. मी त्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहीत होतो. बेल वाजली दोनदा... मग नाही वाजली. संध्याकाळी गेटवर करंज्यांचा डबा होता."

आईनं परातीतलं पीठ सारखं केलं. सुगंधानं कुत्र्याच्या मानेवर हात ठेवला...

मास्तर घोंगडीवर बसले होते. मऊ होती. दगड म्हणाल तर तिथं तीनच होते, तिन्ही चुलीला, तिन्ही तापलेले.

लिंबनाथ बाबानं काडी टाकली. काठी टेकून उभा राहिला.

"मास्तर," तो म्हणाला, "आता दगडावरनं ऊठ."